सातव्या चित्राची पाठ

१

"हे चित्र रॅनकिनचं नाही," मिस गिलख्रिस्ट म्हणाल्या. डोळ्याला लावलेलं भिंग खाली घेऊन त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं पाकीट मारलं होतं.

गुरुवार, २९ जून १९९५. क्योतोतल्या हिराई संग्रहालयाचं वरचं दालन. बाहेर तीन आठवडे चाललेली पावसाची पिरपिर आणि आत भिंतीवर बारा जलरंगचित्रं. ड्यूगल्ड रॅनकिन हा स्कॉटलंडचा चित्रकार. जुन्या अभिजात ग्रंथांसाठी चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. ग्रीकांची महाकाव्यं झाली, सरदारांच्या कथा झाल्या आणि मग स्वारी एका संस्कृत नाटकाकडे वळली. भारतात पाऊल न टाकता त्याने आश्रम रंगवला, हरणं रंगवली आणि आश्रमकन्येला अशी साडी नेसवली की ती नेसून दोन पावलं चालली असती तर बिचारीची फजिती झाली असती. पण पाणी आणि आकाश मात्र असं काढलंय की माझ्यासारखी खवट बाईसुद्धा गप्प होते. ही बाराही चित्रं हिराई घराण्यातल्या कोणी तरी युद्धाआधी लंडनमध्ये घेतली होती.

मिस गिलख्रिस्ट त्याच रॅनकिनच्या तज्ज्ञ. मंगळवारच्या उद्घाटनाला भाषण करायला मुद्दाम एडिनबरोहून आलेल्या.

"रॅनकिन रंगात भरपूर पाणी घ्यायचा," त्या म्हणाल्या. "रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसायचे. या अकरा चित्रांत बघा, आकाश रवाळ दिसतं. हे सातवं बघा. विहिरीवरचं आकाश गुळगुळीत आहे. रंग कागदाच्या वर बसलाय, आत नाही. ही नक्कल आहे, आणि हलक्या प्रतीची नाही. कोणी तरी मेहनत घेतली आहे."

संचालक ओकुमुरा-सान यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा असतो. त्यावर एकही सुरकुती पडली नाही. "चौकट कोणीही उघडायची नाही. ते काम पोलिसांचं," ते म्हणाले. मग टेबलाच्या खणातून त्यांनी किल्लीची नोंदवही काढली आणि जपानीत, अगदी मऊ आवाजात बोलू लागले. "चित्रं चौकटीत बसवली बावीस तारखेला. अठरा तारखेला कपाटात मी स्वतः मूळ चित्र पाहिलं आहे. एकोणीस ते एकवीस मी तोक्योत होतो. त्या तीन दिवसांत कपाटाची किल्ली एकाच व्यक्तीकडे होती."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

२

मी पद्मिनी सबनीस. पुण्यात अकरा वर्षं हस्तलिखितांच्या संग्रहात नोकरी केली. नवरा नरेंद्र विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला आला, म्हणून मीही आले. पहिलं वर्ष भिंतींशी बोलण्यात गेलं. मग या संग्रहालयात आरुबाइतो मिळालं, म्हणजे तासांवरचं काम. इंग्रजी पत्रव्यवहार, कॅटलॉगचं टायपिंग, आणि सगळ्यांनंतर कप विसळणं.

त्यामुळे इथलं कोण कोणाचा किती द्वेष करतं, हे मला टाइप करकरून पाठ होतं. एप्रिलमध्ये ओकुमुरा-सान यांनी सातव्या चित्राची हुबेहूब छापील प्रत काढायचा घाट घातला होता. क्योतोत काचेवरून छपाई करणारे जुने कारागीर आहेत. त्यांची प्रत हातात घेतली तर मूळ कोणतं ते सांगता येत नाही. मिस गिलख्रिस्टना त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी दोन पानी पत्र धाडलं. त्यातला सगळ्यात सौम्य शब्द 'रानटी' हा होता. बेत बारगळला. "नमुन्याचा कागद नष्ट केला आहे," असं उत्तर मीच टाइप करून पाठवलं.

"ओकुमुरा-सान, मी चोरी केली असं तुम्ही म्हणताय का?" मी सरळ विचारलं.

"मी फक्त तारखा वाचून दाखवल्या."

हीच तर इथली खोच! तोंडावर आरोप करत नाहीत, आरोपाला बसायला पाट मांडून देतात.

"सोमवारी संग्रहालय बंद असतं," ते पुढे म्हणाले. "सोमवारी दुपारपर्यंत चित्र परत आलं, तर ही गोष्ट आपल्यातच राहील. नाही तर पोलीस. आणि हो, तुमच्या यजमानांचे प्राध्यापक मोरिशिता तुम्हा दोघांच्या व्हिसाचे हमीदार आहेत. त्यांना अंधारात ठेवणं बरं दिसलं नसतं. मी मघाशी फोन केला."

घरी पोचले तर नरेंद्र पंख्यासमोर नुसताच बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

"करार सप्टेंबरात रिन्यू व्हायचाय, पद्मिनी. मोरिशिता-सेन्सेई एक शब्द बोलले नाहीत. नुसतं बघत राहिले. तुला माहितेय ना त्याचा अर्थ काय होतो?"

"मला माहितेय. आणि मी चित्र घेतलेलं नाही, हे तुला माहितेय ना?"

"अगं, तो प्रश्नच नाहीये," तो म्हणाला.

मला वाटलं, तो माझी बाजू घेतोय. मी चहा टाकला आणि विचार करू लागले. माझ्या खेरीज त्या चित्राला हात लावलेली माणसं तीनच होती. ओकुमुरा-सान, चित्रं पुठ्ठ्यावर बसवणारे म्हातारे ताकेउची-सान आणि संग्रहालयासाठी लिहिणारा आमचाच मराठी विद्यार्थी सत्यजित. त्यातला एक जण मला खड्ड्यात ढकलून मोकळा झाला होता.

३

ताकेउची-सान यांचं दुकान निजो किल्ल्याच्या मागच्या गल्लीत. चार पिढ्यांचा कागद-चिकटवणीचा धंदा. वय एकाहत्तर, हात मात्र विशीतले. मी शनिवारी सकाळी सायकल दाराशी लावली तेव्हा ते एका जुन्या शाईच्या चित्रावर पाण्याचा ब्रश फिरवत होते. सबंध कागद ओला निथळत होता.

"पुसणार नाही का ते?"

"शाई आहे. एकदा वाळली की पुरात टाका, हलत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कागदाला पाणी पाजल्याशिवाय तो सरळ होत नाही. तुम्ही काय विचारायला आलात ते विचारा आणि जा. मला कामं आहेत."

"रॅनकिनची बारा चित्रं एप्रिलमध्ये तुम्हीच पुठ्ठ्यावर बसवलीत ना? सातव्या चित्राच्या पाठीवर चित्रकाराने स्वतः पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. सात जून एकोणीसशे आठ. ती तुमच्या पाहण्यात आली का?"

ब्रश थांबला.

मी हे विचारायचं कारण असं, की कॅटलॉगमध्ये त्या तारखेचा डंका पिटलेला होता. रॅनकिन चित्रांवर कधीच तारीख टाकत नसे. क्योतोत पीएच.डी. करणाऱ्या सत्यजित मिरीकरने ती शोधून काढली आणि तिच्यावर अख्खा निबंध उभा केला. मी तो टाइप केला होता. प्रत्यक्ष पाठ मी कधी पाहिली नव्हती.

"एप्रिलमध्ये पाठ कोरी होती," ताकेउची-सान म्हणाले.

"नक्की?"

"आमच्या घराण्यात हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक कामावर तारीख टाकतात. ती पुठ्ठ्यावर. म्हणून प्रत्येक पाठ मी नीट बघतो. सातवी कोरी होती."

"की तुम्हीच चुकून पुठ्ठ्याऐवजी चित्रावर..."

म्हातारा ताडकन उठला. इतका संतापलेला जपानी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "चित्राच्या अंगाला पेन्सिल? मी? चित्रावर मी कधीही लिहीत नाही! कधीही नाही! चालत्या व्हा!"

मी चालती झाले. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं तर ते अजून दारात उभे होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पाठ कोरी होती, तर सत्यजित धडधडीत खोटं बोलला होता.

४

सत्यजित ओत्सुला राहायचा, तिथे भाडं कमी म्हणून. रविवारी क्योतो स्टेशनवरून गाडीने गेले. दहा मिनिटांचा प्रवास, पण डोक्यात वाफ साठायला तेवढा पुरला. हाच मुलगा गणपतीत आमच्या घरी येऊन सात मोदक खाऊन गेला होता.

"या, पद्मिनीताई," तो दार अर्धंच उघडून म्हणाला. "खरं सांगू? तुम्ही इथे यायला नको होतं. इट लुक्स बॅड."

"कसं दिसतं ते मी बघीन. तारीख तू कधी पाहिलीस?"

"एप्रिलमध्ये. कॅटलॉगमध्ये लिहिलंय ना."

"ताकेउची-सान म्हणतात एप्रिलमध्ये पाठ कोरी होती."

"त्या म्हाताऱ्याला दिसतं काय? ताई, लॉजिक सिंपल आहे. ओरिजिनलवर तारीख होती. नक्कल करणाऱ्याने तीही कॉपी केली असणार. दॅट्स ऑल."

"सत्यजित, सोमवारी मला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. नरेंद्रची नोकरी जाईल. तू एप्रिलमध्ये खरंच पाठ पाहिलीस?"

तो एकदम भडकला. "नाही! एप्रिलमध्ये फक्त पुढची बाजू पाहिली. झालं? पाठ पाहिली चौदा जूनला. शेवटचं प्रूफ देण्याआधी म्हटलं एकदा मेझरमेंट्स तपासू. ओकुमुरा-सान टाळत होते, पण मी डोकं खाल्लं तेव्हा काढून दिलं चित्र. पाचच मिनिटं, तेही उलटं धरून. मी त्यांना म्हटलं, बघा, डेट! नाइन्टीन-ओ-एट! ते एक शब्दही बोलले नाहीत. म्हटलं, जळफळले असतील, शोध आपल्याला लागला नाही म्हणून. पण एप्रिल लिहिल्याशिवाय तो चाप्टर घाईत लिहिल्यासारखा वाटला असता."

"तारीख नेमकी कशी लिहिली होती? मला लिहून दाखव."

त्याने वहीच्या कोपऱ्यावर लिहिलं : ७.६.८. आकडे अर्थात इंग्रजी.

"आठच्या आधी शून्य नव्हतं?"

"नव्हतं. व्हॉट डिफरन्स डझ इट मेक? आणि ऐका, हे चौदा जूनचं मी कोणासमोर बोलणार नाही. निबंध जर्नलने ॲक्सेप्ट केलाय. तुमच्यासाठी मी माझी तीन वर्षं पाण्यात घालू का?"

"मोदक खाताना तर ताई-ताई करत होतास."

"मोदकांचं बिल पाठवा," तो म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

ओत्सु स्टेशनवर मी परतीचं तिकीट काढलं. डोळ्यांत रागाने पाणी आलेलं. गाडीला वेळ होता, म्हणून मी तिकिटाशी चाळा करत बसले. बोटाएवढं ते तिकीट, त्यावर भाडं आणि त्याखाली बारीक अक्षरांत तारीख. रोज डोळ्यांपुढून जाते, पण कोण वाचतंय!

मी ती वाचली, आणि बाकावरून अशी उठले की शेजारची बाई दचकून बाजूला सरकली.

५

त्याच संध्याकाळी मी मालकीणबाईंना फोन केला. हिराई-सान ऐंशीच्या विधवा, कानाने कमी, पण डोकं साफ. "चित्र तुमचं आहे," मी म्हटलं. "उद्या सगळ्यांसमोर चौकट उघडायला सांगा. पोलीस नंतर येऊ देत."

सोमवारी दुपारी दोनला वरच्या दालनात आम्ही पाच जण जमलो. हिराई-सान खुर्चीत, मिस गिलख्रिस्ट भिंगासकट, ओकुमुरा-सान इस्त्रीसकट, ताकेउची-सान कोपऱ्यात मान खाली घालून, आणि मी. सत्यजित आला नव्हता.

"चित्र आणलंत का?" ओकुमुरा-सान यांनी विचारलं.

"ते कुठे आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चौकट उघडा."

"पुराव्याला हात लावता येणार नाही."

"चित्र माझं आहे," हिराई-सान म्हणाल्या. "ताकेउची-सान, उघडा."

म्हाताऱ्याने खिळे काढले. कागद पुठ्ठ्यापासून अलगद सोडवून टेबलावर पालथा ठेवला. उजव्या कोपऱ्यात फिकट पेन्सिलीतले तीन आकडे दिसत होते. मी एवढंच म्हटलं, "हिराई-सान, हे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचता का?"

त्यांनी चष्मा लावला. क्षणभरही विचार न करता त्यांनी वाचलं, "हेइसेई सात, जूनची आठ." मग मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे गेल्याच महिन्यातली."

मिस गिलख्रिस्टना जपानी येत नव्हतं. मी इंग्रजीत समजावलं. जपानी माणूस रोजच्या व्यवहारात आधी वर्ष लिहितो, मग महिना, मग दिवस. आणि वर्ष मोजतो ते सम्राटाच्या कारकिर्दीचं. सध्याच्या सम्राटाची कारकीर्द हेइसेई, आणि १९९५ हे तिचं सातवं वर्ष. माझ्या रेल्वेच्या तिकिटावर काल छापलेलं होतं, ७.७.२, म्हणजे दोन जुलै. आम्ही मात्र शाळेत शिकलो की आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. सत्यजितच्या डोक्यात रॅनकिन भरलेला, त्याला ७.६.८ म्हणजे सात जून १९०८ दिसलं. मीही ते टाइप केलं आणि मान डोलावली. कोणाही जपानी माणसाने तो कागद पाहिला असता, तर एका सेकंदात हसला असता. म्हणून तर चौकट उघडायची नव्हती!

"बरं," ओकुमुरा-सान मऊ आवाजात म्हणाले. "नक्कल आठ जूनला तयार झाली. सबनीस-सान यांनी ती बाहेर करवून घेतली आणि वीस तारखेच्या सुमाराला कपाटात ठेवली. यात माझा काय संबंध?"

माझ्याजवळचं उत्तर ज्याच्या तोंडून यायला हवं होतं, तो माणूस ओत्सुला दार लावून बसला होता.

६

जिन्यावर पावलं वाजली. सत्यजित वर आला. छत्री निथळत होती, दाढी केलेली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कधीपासून जिन्यात उभा होता कोण जाणे.

"हाच कागद मी चौदा जूनला पाहिला," तो जपानीत म्हणाला. "हेच आकडे, याच कोपऱ्यात. तो मला ओकुमुरा-सान यांनी कपाटातून काढून दिला. कॅटलॉगमध्ये मी एप्रिल लिहिलं ते खोटं आहे." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "झालं समाधान? चाप्टर गेला. निबंध गेला. आता मला कधी घरी बोलावू नका."

"बोलावणार नाही," मी म्हटलं. पण मला त्याची कीव आली, हेही खरं.

आता सगळं सरळ होतं. चौदा जूनला कपाटात होता तो कागद जर आठ जूनला तयार झालेला, तर चौदालाच नक्कल मूळ चित्राच्या जागी येऊन बसली होती. माझ्या हातात किल्ली आली एकोणीसला. त्याआधी ती फक्त ओकुमुरा-सान यांच्याकडे असायची. आणि ते म्हणत होते की अठराला त्यांनी मूळ चित्र पाहिलं!

"हा कागद कुठला तेही सांगते," मी म्हटलं. "एप्रिलमधला छपाईचा नमुना. तो नष्ट झालाच नाही. त्यावर हाताने थोडे रंग चढवले, कडा कापल्या आणि तो पुठ्ठ्यावर बसवला. हे काम करणारा एकच माणूस आहे. तो हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक कामावर तारीख टाकतो. चित्रावर तो कधीही लिहीत नाही. पण हे चित्र नव्हतंच. नकलेवर पेन्सिल टेकवायला त्याला काय हरकत होती? ताकेउची-सान, परवा तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, चित्रावर कधीही नाही."

मग म्हातारा उठला. त्याने सोबत आणलेलं कापडी गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत दोन फळ्या होत्या, आणि फळ्यांच्या मध्ये रॅनकिनचं सातवं चित्र.

म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. आकाश उतरून विहिरीत आलं होतं. आश्रमकन्येचा चेहरा वाहून साडीत मिसळला होता. खाली पेन्सिलीच्या रेषा तेवढ्या शाबूत होत्या.

"जूनच्या दमट हवेत कागदाला लाटा आल्या होत्या," ताकेउची-सान म्हणाले. "ओकुमुरा-सान म्हणाले, परदेशी पाहुणी येणार, सरळ करा. मी म्हटलं, पाश्चात्त्य रंग माझ्या ओळखीचे नाहीत. ते म्हणाले, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो." त्यांनी फळी सरळ केली. "चार पिढ्यांत असं आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं. मी आमच्या चित्रांना पाजतो तसं त्याला पाणी पाजलं. आमची शाई हलत नाही. हे रंग हलले."

"मग नमुना बसवायला सांगितला?" हिराई-सान यांनी विचारलं.

"प्रदर्शनापुरता, खाली 'प्रत' अशी पाटी लावू, म्हणाले. पाटी लागली नाही. मी बोललो असतो तर माझ्या घराण्याचं नाव गेलं असतं. म्हणून बोललो नाही. या बाईंचं नाव गेलं, तरी बोललो नाही."

मिस गिलख्रिस्ट फळीवर वाकल्या होत्या. "गाढवांनो," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "जलरंग आहे तो. जलरंग!"

७

ओकुमुरा-सान उठले. हिराई-सान यांच्यापुढे कमरेत काटकोनात वाकले. मग मिस गिलख्रिस्टपुढे तितकेच वाकले. मग कोट सारखा करून दाराकडे निघाले.

"थांबा," मी म्हटलं. "माझं राहिलं."

"तुमच्या कामाचे तास पूर्ववत चालू राहतील."

"तास घाला चुलीत. मोरिशिता-सेन्सेईंना तुम्ही फोन केला होता. आता परत करा. इथूनच, सगळ्यांसमोर. काय केलंत ते तुमच्याच तोंडाने सांगा."

त्यांनी हिराई-सान यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "करा." ऑफिसातला फोन स्पीकरचा होता. मीच बटण दाबलं.

त्यांनी सांगितलं. शब्द निवडून निवडून, पण सांगितलं. चित्र आपल्या निर्णयाने खराब झालं. नक्कल आपण ठेवली. सबनीस-सान यांचा काहीही दोष नाही. पलीकडे मोरिशिता-सेन्सेई ऐकत होते. आयुष्यात एखाद्याच्या मानेवर पाय ठेवण्याचं सुख काय असतं, ते मी त्या दोन मिनिटांत पुरेपूर घेतलं, लाज कशाला वाटायची?

मग पलीकडून गोंधळलेला आवाज आला.

"पण हे कसं? शुक्रवारी तिचे यजमान सबनीस-कुन माझ्याकडे आले होते. पत्नीने जे केलं त्याबद्दल वाकून माफी मागून गेले. लेखी पत्रही दिलंय त्यांनी. मी तर प्रकरण संपलं असं समजत होतो."

ओकुमुरा-सान यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक सुरकुती पडली, ओठांच्या कडेला. सत्यजितने मान फिरवली. मी फोन बंद केला.

बसने न जाता मी चालत घरी गेले. पाऊण तास लागला. वाटेत नरेंद्रला काय काय बोलायचं ते मी सगळं जुळवलं आणि दारापर्यंत येता येता सगळं विसरले.

तो लवकर आला होता. दार उघडताच त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "सेन्सेईंनी बोलावून सांगितलं! सुटलो गं! मला माहीतच होतं तू काही केलेलं नाहीस."

"मग पत्र कशाला दिलंस?"

त्याचे हात खाली आले. "अगं, इथे पद्धतच आहे तशी. दोष कोणाचा हे कोणी बघत नाही. आपण आधी वाकलं की विषय मिटतो. तुझ्यासाठीच केलं ना मी? आपल्या दोघांसाठी."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू करू दिलं नसतंस."

"नसतंच करू दिलं." माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "त्यांची माफी मागून झाली, जपानीत, लेखी. आता माझी माग."

"सॉरी, पद्मिनी. रिअली."

"मराठीत."

त्याने तोंड उघडलं. आठ वर्षांच्या संसारात हे शब्द आम्हा दोघांत कोणालाच लागले नव्हते, आणि आता ते त्याला आठवेनात. मी दारातच उभी होते. पायातल्या ओल्या चपला मी काढल्या नव्हत्या, आणि त्याने बोलल्याशिवाय काढणारही नव्हते.